गेटवर पडलेल्या फांदीबद्दल कॉलनीतल्या सगळ्यांना आणि उद्यान विभागाला खुलं पत्र

कॉलनीतल्या सगळ्या बंगलेवाल्यांना, आपल्या कमिटीला, आणि महापालिकेच्या उद्यान विभागातल्या साहेबांना,

नमस्कार. मी 11 नंबरवाली. गेल्या मंगळवारी संध्याकाळी जिच्या गेटवर गुलमोहराची फांदी पडली आणि जिच्या गाडीच्या फुटलेल्या काचेचा फोटो तुम्ही ग्रुपवर एवढा फिरवलात की शेवटी तिघांनी तो मलाच पाठवला, तीच मी. कोणाला लागलेलं नाही हे आधी सांगून टाकते कारण अजून रोज दोन फोन येतायत. पुढची काच गेली, बॉनेटला पोचा आला, गेटचा एक दांडा वाकला आणि ड्राइव्ह-वे दीड दिवस बंद होता, नवरा रिक्षाने ऑफिसला गेला. बास, एवढंच.

पण रात्री नऊच्या आत ग्रुपवर ठरलंसुद्धा की कॉलनीतले पाचही गुलमोहर आणि कोपऱ्यावरचा रेन ट्री काढून टाकायचा, "धोकादायक झाडे तोडणेबाबत" असा अर्ज टाईप झाला, आणि ऐकते की त्यावर 14 सह्या झाल्यात. माझी सही नाही. का नाही ते लिहूनच सांगते, कारण मीटिंगमध्ये माझं दुसरं वाक्य संपायच्या आत कोणीतरी पार्किंगचा विषय काढतं आणि मग झाडं राहतात बाजूला.

सगळ्यात आधी हे वादळ वादळ काय लावलंय तुम्ही. माझं माहेर दापोलीकडचं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतली सुपारी काडेपेटीतल्या काड्या ओतल्यासारखी आडवी झाली, नारळ मुळासकट उपटले, आजोबांच्या हातचा फणस गेला, घरावर कौल राहिलं नाही, दोन महिने लाईट नव्हती. ते वादळ. मंगळवारी आपल्याकडे काय होतं? दहा मिनिटांची सर, भज्यांचं तेल तापवेपर्यंत थांबली. दोरीवरचा माझा एक रुमाल उडाला नाही आणि मांडीएवढी जाड फांदी पडते, म्हणजे ती वाऱ्याने पडली नाही ना. मग कशाने पडली हे बघायला मी रात्री टॉर्च घेऊन गेले, तुम्ही ग्रुपवर सह्या गोळा करत होतात तेव्हा.

फांदी जिथून निखळली तो तुकडा मी ठेवलाय, पोर्चमध्ये चपलांच्या रॅकशेजारी आहे, येऊन बघा. फांदी जाड, पण झाडाला धरून होती ती जागा चहाच्या बशीएवढी, आणि त्यातलीही अर्धीच ओली पांढरी, बाकी अर्धी काळी. वर झाडावर बघितलं तर तिथे जुना ठोंब, आडवा कापलेला, आतून भुसा झालेला, शिडीवर चढून बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं आणि मुंगळे बाहेर आले. तो ठोंब मी ओळखला. 2018 च्या मे महिन्यातला आहे, मुलाचं दहावीचं वर्ष म्हणून पक्कं लक्षात आहे.

तेव्हा काय झालं होतं आठवतंय का? टेम्पोतून दोघं आले होते, एक कोयता एक कुऱ्हाड, एका झाडाचे 1800 रुपये आणि लाकूड त्यांचं. आपण सगळे गेटाशी उभे होतो. मीच चहा दिला, आणि मीच म्हणाले की दादा अजून थोडं काढा, म्हणजे दोन-तीन वर्षं बघायला नको. त्यांनी काढलं. अर्ध्या तासात गुलमोहराचा वरचा सगळा डोलारा खाली आणि वर उरले हात तुटल्यासारखे पाच ठोंब. आपण म्हणालो वा, किती उजेड आला. संध्याकाळी ग्रुपवर थम्सअप पण पडले, माझाही होता त्यात.

आता हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर आमच्या नर्सरीवाल्या काकांनी दाखवलं म्हणून कळलं. झाडाची पानं एकदम सगळी गेली की त्याची चूलच विझते, मग ते घाबरल्यासारखं जिथे साल जिवंत आहे तिथून सरळसोट फुटवे काढतं, एकेका ठोंबाला दहा-पंधरा, आणि ते इतके भराभर वाढतात की दोन वर्षांत आपल्याला वाटतं झालं की झाड पुन्हा पहिल्यासारखं. पण नेहमीची फांदी खोडाच्या आतून आलेली असते, दरवर्षी खोडाचं लाकूड तिच्याभोवती आणि तिचं लाकूड खोडात असं घट्ट विणत जातं, म्हणून ती धरून राहते. हा फुटवा मात्र वरच्या सालीपाशी चिकटलेला, आणि ज्या ठोंबाला चिकटलाय तो ठोंब आतून कुजतोय. वर वजन वाढतंय, खाली मूळ जागा पोकळ होतेय. गुलमोहराचं लाकूड तसंही ठिसूळ. मंगळवारी पानं पावसाने भिजून जड झाली, तेवढं निमित्त पुरलं.

म्हणजे ती फांदी आपण 1800 रुपये देऊन 2018 साली तयार केली. बाकीच्या चार गुलमोहरांवर पण तसलेच ठोंब आहेत हे मी काल सकाळी फिरून बघितलंय. आणि तुम्ही म्हणता झाडं धोकादायक.

आता साहेब, तुमच्याकडे येते.

आम्ही यंदा फेब्रुवारीत छाटणीचा अर्ज दिला होता, फोटोसकट, झाडाच्या नंबरासकट. फेब्रुवारीच का, तर गुलमोहर तेव्हा जवळपास बिनपानांचा असतो, काळ्या शेंगा लटकलेल्या आणि सगळा सांगाडा दिसतो, कुठली फांदी कुठे घासतेय, कुठे बेचक्यात चीर गेलीय, सगळं जमिनीवरून दिसतं. तुमची बकेटची गाडी, माणसाला पाळण्यात उभं करून वर नेणारी, आली मे महिन्याच्या शेवटी, झाड लालबुंद फुललेलं असताना. (सातारकर दर 1 मेला गुलमोहर दिवस साजरा करतात आणि आपल्याकडे त्याच महिन्यात त्याच्यावर मशीन चालतं, जाऊ दे.) पोरं कष्टाळू होती, उन्हात काम करत होती, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण काय कापायचं ते त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. गाडी रस्त्यावर उभी राहणार, बकेट जिथपर्यंत पोचतं तिथपर्यंतचं कापणार, गेटाच्या आत बकेट वळत नाही म्हणून आतलं तसंच ठेवणार. आधी वीज कंपनीच्या लोकांनी तारेच्या बाजूचं साफ केलेलं होतंच, त्यांनाही तारेपुरतंच बघायचं असतं. झालं काय तर रस्त्याकडची बाजू पूर्ण बोडकी आणि सगळा भार आमच्या ड्राइव्ह-वेवर, झाड म्हणजे पुढे पोट सुटलेल्या माणसासारखं दिसायला लागलं. मी खाली उभी राहून ओरडत होते की दादा आतली, आतली काढा, ज्या फांदीसाठी अर्ज दिलाय ती आतली आहे. ते म्हणाले ऑर्डर रस्त्याच्या बाजूची आहे.

आणि कापलेल्या फांद्या 9 दिवस रस्त्यात होत्या. त्या 9 दिवसांत 6 नंबरच्या आजींना रात्री हॉस्पिटलमध्ये न्यायचं होतं, ॲम्ब्युलन्स ढिगामुळे वळेना, आणि त्यांच्याच गेटवर बदामाची फांदी एवढी खाली आलेली की वरचा दिवा लागेल म्हणून ड्रायव्हरने गाडी आत घातली नाही. स्ट्रेचर आम्ही पोर्चपासून रस्त्यापर्यंत हातावर नेलं. आजी आता ठीक आहेत, परवा मलाच विचारत होत्या गाडीचं काय झालं.

ती बदामाची फांदी आजही तिथेच आहे. तिला काढायला बकेट लागत नाही, मशीन लागत नाही, मनगटाएवढी आहे. आपल्याकडे हेच होतं बघा. फांदी अंगठ्याएवढी असते तेव्हा गेटातून जाताना आपण नुसतं डोकं वाकवतो, मनगटाएवढी झाली की गाडीच्या टपाला घासते तेव्हा शिवी घालतो, आणि मांडीएवढी झाली की मग अर्ज, बकेट, मीटिंग. अंगठ्याएवढी फांदी नीट कापली तर झाड एक-दोन वर्षांत ती जखम सालीने झाकून टाकतं, मांडीएवढ्या फांदीची जखम बहुतेक वेळा झाकली जायच्या आत कुजायला लागते.

नीट कापली म्हणजे काय हे मला काकांनी आमच्या आवारातल्या जांभळावर दाखवलं, आणि खरं सांगते पन्नाशीत पहिल्यांदा मी फांदी बघितली. फांदी जिथे खोडातून निघते तिथे एक सुजल्यासारखी वळकटी असते, शर्टाच्या कॉलरसारखी, काका पण कॉलरच म्हणतात. वरच्या बाजूला बेचक्यात सालीची उंच रेघ दिसते. ती कॉलर खोडाची असते, फांदीची नाही, आणि झाडाचं औषधपाणी सगळं तिच्यातच. तर तिला धक्का न लावता तिच्या अगदी बाहेरून कापायचं. कॉलरसकट खोडाशी सपाट कापलं तर जखम दुप्पट मोठी होते, आणि लांब ठोंब ठेवला तर तो कुजत आत जातो, आपल्या गुलमोहरासारखा. दोन्ही चुका आपल्या गल्लीत जागोजागी आहेत, आता मला तेच दिसतं, मॉर्निंग वॉकला माझ्यासोबत कोणी येत नाही आजकाल.

आणि एका दणक्यात नाही कापायचं. काकांनी आधी खोडापासून फूटभर लांब खालच्या बाजूने करवत लावली, थोडीशीच, पाव भाग. मग त्याच्या जरा पुढे वरून कापायला घेतलं, फांदी आपल्या वजनाने मोडून खाली गेली आणि साल त्या खालच्या कापापाशीच थांबली. उरलेला फूटभर तुकडा हलका, तो हाताने धरून कॉलरबाहेर तिसरा काप. तो खालचा काप दिला नाही तर फांदी पडताना खोडाची साल हातभर उसवत जाते, जुन्या वायरचं कव्हर सोलल्यासारखी. 9 नंबरच्या समोरच्या झाडावर जो लांब काळा पट्टा आहे ना, ज्यातून दरवर्षी डिंक येतो, तो हाच.

मग मी विचारलं वरून डांबर लावू का, आमचे सासरे लावायचे. काका हसले. बागायतदार बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावतात ते बुरशीसाठी, ते वेगळं, पण डांबर आणि ऑइलपेंट फासून काही होत नाही, उलट आत ओल कोंडते. माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही, ते कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत बांधतं आणि पुढे वाढत राहतं. अमेरिकेच्या वन खात्यातल्या अॅलेक्स शायगो नावाच्या माणसाने हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून हे दाखवलं, ती कॉलरची गोष्ट पण त्याच्याच अभ्यासातून सगळीकडे गेली, असं मुलाने शोधून सांगितलं. पण मला वाटतं हे आपल्याकडे थोडंफार होतंच. माझे आजोबा भातशेतीच्या राबासाठी, म्हणजे पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा भाजतात त्यासाठी, ऐनाचं कवळ, पाल्यासकट डहाळ्या, तोडायचे, दरवर्षी, आणि तेच ऐन माझ्या आईने तोडलेले बघितले, मीही बघितले. आजोबा शेंडा ठेवायचे, आणि कोयता धार लावल्याशिवाय झाडाला लावायचे नाहीत. एकदा गड्याने सगळंच ओरबाडलं म्हणून त्याला जेवायच्या आधी चांगलाच झापला होता, पुढच्या वर्षी काय तुझं डोकं भाजू का राबाला, असं.

ठेवायचं किती, कापायचं किती, तर एका वर्षात पाव भागापेक्षा जास्त पाला काढायचा नाही. आणि आतला सगळा पाला साफ करून फांदीच्या टोकाला म्हशीच्या शेपटीसारखा गोंडा ठेवायचा नाही, हे पण हल्ली फार करतात, खालून स्वच्छ दिसतं म्हणून. सगळं वजन टोकाला जातं आणि वाऱ्यात फांदी चाबकासारखी हलते.

परवानगीचं. 4 नंबरचे काका म्हणाले माझ्या आवारातलं माझं झाड, मी काहीपण करीन. काका, रागावू नका, पण तसं नाहीये. महाराष्ट्रात शहरांसाठी 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, आवार तुमचं असलं तरी तो लागतो, आणि त्यात झाड तोडणे म्हणजे नुसतं बुंध्यातून पाडणे नाही, जाळणे, कापणे, कुठल्याही तऱ्हेने इजा करणे सगळं येतं. त्यात दंड आहे आणि कैदसुद्धा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांच्या वरचं झाड वारसा वृक्ष धरतात, आणि आपला कोपऱ्यावरचा रेन ट्री कॉलनीच्या आधीपासून आहे हे तुम्हीच गणपतीत सांगता सगळ्यांना. तेव्हा "रात्री दोन माणसं आणून उरकून टाकू" हे जे ग्रुपवर लिहिलंय ते कृपया डिलीट करा.

अजून एक, हे फांद्यांचं नाही पण लिहितेच. आपण सगळ्यांनी ड्राइव्ह-वे करताना पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला नेऊन भिडवलेत, मी पण. दिल्लीत हरित लवादाने 2013 सालीच सांगितलं होतं की झाडाभोवती मीटरभर जागा काँक्रीटशिवाय ठेवा. खाली मुळाला पाणी नाही हवा नाही आणि वर आपण म्हणतो झाड हलतंय. मी माझे ब्लॉक येत्या आठवड्यात काढतेय, कोणाला हवे असले तर घेऊन जा, साधारण 40 निघतील.

तर आता माझं म्हणणं काय. कमिटीने तो अर्ज मागे घ्यावा आणि दुसरा द्यावा, तोडणीचा नाही, छाटणीचा, झाडनिहाय आणि फांदीनिहाय. मी तो लिहिलाय. बांबूला 10 फुटांवर आणि 15 फुटांवर लाल चिकटपट्टी लावली आणि रविवारी सकाळी प्रत्येक गेटातून चालत गेले, तुमच्यातल्या काहींनी खिडकीतून बघितलं आणि हसलात तेही मला दिसलं. गेटाच्या आत 10 फूट मोकळे असले की ॲम्ब्युलन्स आणि सामानाचा टेम्पो जातो, बाहेर रस्त्यावर 15 असले की पाण्याचा टँकर आणि कचऱ्याची गाडी घासत नाही, हा माझा अंदाज, 12 नंबरच्या वहिनींच्या टँकरवाल्याला विचारून केलेला. त्याखाली येणाऱ्या फांद्या मोजल्या. 23 निघाल्या. त्यातल्या 17 मनगटाहून बारीक आहेत. 17! यांच्यासाठी आपण सहा झाडं पाडणार होतो. राहिलेल्या 6 जाड आहेत, त्यात गुलमोहरांचे ते कुजके ठोंब आणि त्यांच्यावरचे फुटवे, ते खरंच धोक्याचे आहेत, ते आत्ता पावसातच टप्प्याटप्प्याने हलके करायला लागतील आणि त्याला जाणकार माणूस लागेल, दोर लावून उतरवणारा, कोयतेवाला नको. पैसे लागतील, घरटी काढू, माझे आधी घ्या.

तारेजवळच्या दोन फांद्यांना कोणी हात लावायचा नाही, ओला बांबू पण नाही आणि ॲल्युमिनियमची शिडी तर अजिबात नाही. वीज कंपनीला पत्र देऊन लाईट बंद करून घेऊनच. गुरुवारी तशीही जाते.

साहेब, तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. छाटणीच्या दिवशी तुमचा कोणीतरी माणूस जो झाड बघून सांगेल तो गाडीबरोबर येऊ दे, आणि गेटाच्या आतल्या फांद्यांसाठी बकेट जात नसेल तर चढणारा माणूस पाठवा, आम्ही शिडी, दोर, चहा, सगळं देऊ. आणि बाकीची बारीक छाटणी पुढच्या फेब्रुवारीत करायची आहे, तिचा अर्ज आम्ही डिसेंबरात देऊ. म्हणजे मे उजाडायच्या आत नक्की याल.

नवीन अर्ज माझ्या पोर्चमध्ये आहे, त्या कुजक्या तुकड्याच्या शेजारीच, पेन दोरीला बांधलंय कारण मागच्या वेळी वर्गणीच्या वहीचं पेन कोणीतरी नेलं. आधीच्या अर्जावर सही केली असली तरी चालेल, यावर पण करा. 9 नंबरच्या गुलमोहराच्या मधल्या बेचक्यात कावळ्याचं घरटं आहे, त्यात एक पिल्लू बाकीच्यांहून वेगळं ओरडतंय, कोकिळेचं असणार, म्हणून ती फांदी पिल्लं उडेपर्यंत तशीच ठेवायची असं अर्जात कलम 4 ला लिहिलंय. त्यावर कोणाची हरकत असेल तर मला सांगा, ग्रुपवर नको, घरी या.

11 नंबरवाली